ओपीडीतल्या हिस्टरोस्कोपीत व्हीआर हेडसेट: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जिल्ह्याच्या ठिकाणचे एक मध्यम आकाराचे खासगी स्त्रीरोग रुग्णालय. तिथे भूल न देता गर्भाशयात दुर्बीण घालून तपासताना भीती आणि वेदना कमी करायला व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी दृश्य दाखवणारे, डोळ्यांवर बांधायचे उपकरण वापरले, त्याचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे काही तपशील बदलले आहेत; वैद्यकीय घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे.

बाई ५७ वर्षांच्या, पाळी जाऊन सहा वर्षे झालेल्या. महिन्याभरात दोनदा अंगावर लाल गेले म्हणून मुलीबरोबर आल्या. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ९ मिमी भरली. अस्तरात एक गोलसर, ठळक भाग होता आणि डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, त्यात शिरणारी एकच रक्तवाहिनी दिसत होती. हे चित्र पॉलिपचे, म्हणजे अस्तरातून वाढलेल्या मऊ गाठीचे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला आणि अस्तर ४ मिमीपेक्षा जाड निघाले, तर नमुना तपासल्याशिवाय सोडता येत नाही, कारण अशा थोड्या स्त्रियांत मागे कर्करोग असतो.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी त्यांचा नमुना घेण्याचा प्रयत्न झाला होता. बारीक प्लास्टिकच्या नळीने, म्हणजे पिपेलने. नळी गर्भाशयमुखाच्या आतल्या टोकाशी अडली, कळ आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि प्रयत्न तिथेच थांबला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्या कुणाकडेच गेल्या नाहीत. नळी आत गेली असती तरी फारसा उपयोग नव्हता: पिपेल अस्तराचा आंधळेपणाने नमुना घेते आणि एका जागी लटकणारा पॉलिप तिला बरेचदा चुकतो. इथे दुर्बिणीने पाहून नमुना घेणे, म्हणजे हिस्टरोस्कोपी, हाच मार्ग होता.

बाकीची माहिती निर्णयांवर परिणाम करणारी. वजन ८२ किलो, मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ठीक. रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास अडकतो असे मुलीने सांगितले. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर भुलेचा त्रास होऊन दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, त्यामुळे "पूर्ण भूल नको" हे त्यांचे पहिलेच वाक्य. आणि एक गोष्ट जी केस पेपरवर एका ओळीत होती, पण पुढे सगळ्यांत महत्त्वाची ठरली: दोन्ही बाळंतपणे सिझेरियनने, तीही कळा सुरू होण्याआधी. म्हणजे त्यांचे गर्भाशयमुख आयुष्यात कधी उघडलेलेच नव्हते.

अडचण

ओपीडीतल्या हिस्टरोस्कोपीत वेदना सगळा वेळ सारखी नसते. आत जाताना योनीत फक्त पाण्याचा स्पर्श कळतो. गर्भाशयमुखाच्या आतल्या अरुंद भागातून, ज्याला डॉक्टर इंटर्नल ऑस म्हणतात, दुर्बीण जाते तेव्हा पहिली तीव्र कळ येते. ती काही सेकंदांची असते. दुसरी कळ सलाईनने गर्भाशय ताणले जाते तेव्हा, पाळीच्या पोटदुखीसारखी, ओढ लागल्यासारखी. अस्तराला किंवा पॉलिपला कात्री लागते तेव्हा फारसे काही कळत नाही. कात्री खालच्या स्नायूपर्यंत पोचली तरच दुखते.

या दोन कळांच्या वाटाही वेगळ्या आहेत. गर्भाशयमुखाची संवेदना मुख्यतः पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या एस-२ ते एस-४ या मज्जातंतूंतून जाते, वरच्या भागाची टी-१० ते एल-१ मधून. म्हणून गर्भाशयमुखाभोवती दिलेला लिग्नोकेनचा ब्लॉक, म्हणजे जागा बधिर करणारे इंजेक्शन, पहिल्या कळेवर चांगला चालतो, दुसरीवर कमी. मुखावर ताण आला की व्हेगस मज्जातंतूची प्रतिक्रिया येऊन नाडी मंदावणे, रक्तदाब घसरणे, मळमळ आणि घाम हे सगळे एकदम होऊ शकते. या बाईंना पिपेलच्या वेळी नेमके हेच झाले होते.

आता यात भीती घाला. भ्यालेली बाई मांड्या आवळते, ओटीपोटाचे स्नायू ताठ करते, श्वास रोखते. दुर्बिणीचा कोन बिघडतो, वेळ वाढतो, सलाईन जास्त लागते आणि दुखणेही वाढते. प्रतीक्षागृहात त्यांनी शून्य ते दहाच्या मापावर स्वतःची चिंता ९ सांगितली. त्या वेळी दुखत काहीच नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, छोटी भूल. आपल्याकडे हिस्टरोस्कोपी अजूनही बहुतेक ठिकाणी अशीच होते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण इथे घोरणे आणि श्वास अडकणे, मधुमेहात उपाशी राहणे, आधीच्या भुलेचा अनुभव आणि त्यांचा स्पष्ट नकार, एवढे मुद्दे विरोधात होते. ओपीडीत मिडाझोलामसारखे गुंगीचे औषध देण्याचा विचार भूलतज्ज्ञाशिवाय करण्यासारखा नव्हता, कारण श्वास अडकण्याचा संशय असलेल्या जाड व्यक्तीला पाठीवर झोपवून गुंगी देणे हीच भानगड आहे.

दुसरा पर्याय गर्भाशयमुख आधी मऊ करण्याचा. मिसोप्रोस्टॉल हे मुख मऊ करणारे औषध पाळी गेलेल्या स्त्रीत एकटे देऊन फारसा भरवसा नसतो. इस्ट्रोजेन नसलेले मुख त्याला नीट दाद देत नाही, वर पोटात मुरडा, जुलाब, थंडी वाजणे हे मिळते. आधी दोन आठवडे योनीत इस्ट्रोजेन देऊन मग मिसोप्रोस्टॉल दिले तर उपयोग होतो, असे नॉर्वेतल्या अभ्यासात दिसले आहे. पण रक्तस्रावाचे कारणच माहीत नसताना इस्ट्रोजेन सुरू करायला मन धजत नाही. हा पर्याय सोडला.

तिसरा, सुरुवातीलाच गर्भाशयमुखाभोवती ब्लॉक. त्यासाठी स्पेक्युलम (योनी उघडी धरणारे साधन) लागतो, सुई टोचावी लागते. दुर्बीण स्पेक्युलमशिवाय, मुखाला चिमटा न लावता थेट योनीतून नेण्याची पद्धत इटलीतल्या स्टेफानो बेटोची यांनी १९९० च्या दशकात रूढ केली. तिचा सारा फायदा अंगाला कमी हात लागण्यात आहे. ब्लॉकसाठी स्पेक्युलम घातला की तो फायदा अर्धा जातो. म्हणून डॉक्टरांनी ब्लॉक "लागला तर देऊ" या रकान्यात ठेवला.

चौथा, तोंडी वेदनाशामक आणि व्हीआर हेडसेट. हेडसेट रुग्णालयाने काही महिन्यांपूर्वी घेतलेला, स्वतंत्र चालणारा, सुमारे अर्धा किलो वजनाचा. यामागचा विचार जुना आहे. सिॲटलमध्ये १९९० च्या दशकापासून हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगच्या वेळी आभासी वास्तव वापरून पाहिले. मनाचे लक्ष मर्यादित असते आणि दुखणेही लक्ष मागते; लक्ष दुसरीकडे गुंतले तर दुखण्याच्या वाट्याला कमी येते, हा त्यातला मुद्दा. हिस्टरोस्कोपीत लंडनमध्ये ४० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत हेडसेट घातलेल्यांनी वेदना आणि चिंता दोन्ही कमी नोंदवल्या. नंतरच्या काही चाचण्यांत मात्र वेदनेत फरक दिसला नाही.

निकालांतल्या या तफावतीचे एक कारण कळेच्या स्वरूपात असावे. भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग वीस-तीस मिनिटे चालते आणि रुग्ण खेळात गुंतून राहतो. हिस्टरोस्कोपीतली कळ दहा सेकंदांत शिखरावर जाते, तीही पोटाच्या आतून येणारी. समोरच्या हिरव्यागार जंगलाने ती झाकेल अशी अपेक्षा धरणे जरा जास्तच. चिंता मात्र तासभर आधीपासून चालू असते आणि तिथे हेडसेटला काम आहे.

डॉक्टरांनी बाईंशी आणि मुलीशी बोलून चौथा पर्याय निवडला. ब्लॉकचे साहित्य ट्रॉलीवर तयार ठेवले. "कुठल्याही क्षणी थांबवता येईल, आणि तेव्हा ओटीचा मार्ग खुला आहे" हे संमतीपत्रात लिहिले.

संमतीच्या वेळी बाईंनी एक प्रश्न विचारला, जो विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नव्हता: "ह्याच्यात कॅमेरा आहे का?" आहे. असे हेडसेट आजूबाजूची खोली ओळखण्यासाठी बाहेरच्या बाजूला कॅमेरे वापरतात. स्त्रीरोगाच्या तपासणी खोलीत ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. त्यांना दाखवले की वायफाय बंद आहे, चित्रफीत आधीच उतरवून ठेवली आहे आणि समोरचे दृश्य दुसऱ्या पडद्यावर पाठवण्याची सोय बंद आहे. हेडसेट रुग्णालयाच्या एकाच खात्यावर चालतो, त्यात रेकॉर्डिंग होत नाही, हे संमतीपत्रात जोडले. विकत घेतानाच हा मुद्दा निकाली काढलेला बरा.

तयारी

प्रक्रियेआधी एक तास मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिग्रॅ ही वेदनाशामक गोळी, थोडे खाऊन. इथे नेहमी चूक होते ती वेळेची: सिस्टर टेबलावर घेण्याआधी जेमतेम दहा मिनिटे गोळी देते. तेवढ्यात ती चढत नाही. या बाईंना गोळी रुग्णालयातच दिली आणि वेळ पेपरवर लिहिली.

सलाईनची पिशवी कोमट केली. गर्भाशयाच्या पातळीपासून साधारण एक मीटर उंचीवर टांगली की सुमारे ७० मिमी पाऱ्याचा दाब मिळतो. पाहण्यापुरते तेवढे पुरते. प्रेशर बॅग हाताशी होती, पण लावली नाही.

दुर्बीण निवडताना एक निर्णय झाला, ज्यावर पुढे चर्चा झाली. २.९ मिमीची, ३० अंशांची दुर्बीण कात्री जाण्याच्या वाटेसह ५ मिमीच्या आवरणात घातली, म्हणजे पॉलिप दिसला की त्याच बैठकीत काढता येईल.

हेडसेटची तयारी वाटते त्यापेक्षा किचकट असते. बाईंचा अंबाडा होता. मागचा पट्टा त्यावर बसेना आणि टेबलावर टेकताच हेडसेट कपाळावर सरकू लागला. केस सोडून बाजूला वेणी घातली तेव्हा जमले. टिकली काढून घेतली, नाहीतर ती पॅडला चिकटून पुढच्या बाईच्या कपाळावर जाते. चष्मा काढून पाहिला तर चित्र धूसर, म्हणून चष्म्यासह घालता येईल अशी जास्तीची कड लावली. दोन बुबुळांमधल्या अंतराची खूण जुळवली; ती चुकली की पाच मिनिटांत डोके जड होते आणि मळमळू लागते. अपस्मार, चक्कर येण्याचा आजार आणि गाडी लागण्याची सवय यांची विचारणा केली. सिलिकॉनचे आवरण आणि पट्टे निर्जंतुक करण्याच्या ओल्या कापडाने पुसले, भिंगे फक्त कोरड्या मऊ फडक्याने. भिंगांवर स्पिरिट लावले तर त्यांचा लेप जातो, ही चूक पहिल्या महिन्यात बहुतेकांकडून होते.

चित्रफीत निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. कॅमेरा स्थिर असावा, कारण दृश्य चालू लागले की पाठीवर झोपलेल्या माणसाला हमखास मळमळते. सगळे समोरच घडावे; मागे वळून पाहायला लावणारे दृश्य असेल तर मानेबरोबर कंबर हलते आणि दुर्बीण आत असताना ते परवडत नाही. हाताने खेळायचे खेळ याच कारणासाठी बाद, जरी लक्ष गुंतवायला तेच सर्वांत चांगले. आणि तिसरे, आवाज. तयार चित्रफितींत श्वासाच्या सूचना इंग्रजीत होत्या, त्या बाईंना कळत नव्हत्या. बोलणे पूर्ण बंद करून फक्त पक्ष्यांचे आणि ओढ्याचे आवाज ठेवले आणि श्वासाची लय सिस्टरने मराठीत मोजायचे ठरले. हेडसेटचे स्पीकर कानाबाहेर असल्याने खोलीतले बोलणे ऐकू येत होते. कान बंद करणारे हेडफोन मुद्दाम लावले नाहीत.

अर्ध्या झोपलेल्या स्थितीत आणखी एक तांत्रिक घोळ होतो. बऱ्याच हेडसेटमध्ये दृश्य पुन्हा मध्यावर आणायचे बटण फक्त डावी-उजवी बाजू जुळवते, वरखाली नाही. म्हणजे पाठीवर टेकलेल्या रुग्णाला जंगल पायांकडे आणि डोळ्यांसमोर नुसते आभाळ. हे आधी खुर्चीत पाहिले की लक्षातच येत नाही. इथे टेबलाची पाठ ३० अंश उचलून आणि डोक्याखाली जाड उशी देऊन भागवले.

थांबण्याची खूण ठरली: उजवा हात वर करायचा. डोक्याशी सिस्टर, बोटाला ऑक्सिमीटर, त्याचा बीप चालू.

प्रत्यक्षात काय झाले

हेडसेट टेबलावर घेण्याआधी, खुर्चीत बसलेले असतानाच घातला. दहा मिनिटांनी चिंता विचारली: ९ वरून ५. टेबलावर घेणे, पाय आधारांत ठेवणे, अंगावर चादर टाकणे आणि स्वच्छ करणे हे त्यांच्यासाठी सर्वांत अवघड भाग असणार होते, ते शांतपणे पार पडले. मांड्या सैल होत्या. दुर्बीण योनीत गेली, सलाईनने जागा उघडली, गर्भाशयमुख दिसले, दुर्बीण आत सरकली. तोपर्यंत दुखण्याचा आकडा २.

आतल्या ऑसपाशी वाट अरुंद होती. डॉक्टरांनी आवरणाचे लंबगोल टोक ९० अंश फिरवून ऑसच्या आडव्या फटीशी जुळवले, पाण्याला वाट उघडू दिली आणि हलका दाब दिला.

त्याच वेळी बाईंचा उजवा हात टेबलावरून वीतभर उठला, बोटे पसरलेली. सिस्टरला वाटले, दृश्यातल्या फांदीला हात लावायला जातायत. आधीच्या दहा मिनिटांत दोनदा त्यांनी तसे केले होतेच. तोंडातून शब्द नाही. चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग हेडसेटखाली, कपाळावरच्या आठ्या आणि मिटलेले डोळे कुणालाच दिसत नव्हते. डॉक्टरांची नजर पडद्यावर. खोलीतल्या कुणालाही त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

पायाशी उभ्या असलेल्या सहायक बाईच्या लक्षात आले की दोन्ही पायांची बोटे आत वळलीत. "डॉक्टर, पाय बघा." तेवढ्यात ऑक्सिमीटरचा बीप लांबला: नाडी ८६ वरून ५२. बाई पुटपुटल्या, "मळमळतंय."

पहिला प्रश्न असा की ही मळमळ हेडसेटची की व्हेगसची? हेडसेटची असेल तर दृश्य बंद करून पुढे जाता येते. पण हेडसेटने लागलेल्या मळमळीत नाडी सहसा इतकी खाली येत नाही, आणि ओठांचा रंग उतरला होता. दुर्बीण बाहेर, सलाईन बंद, हेडसेट काढला, पाय आधारांतून खाली घेतले आणि डोके खाली केले. अ‍ॅट्रोपिन ०.६ मिग्रॅ (नाडी वाढवणारे औषध) सिरिंजमध्ये भरून हातात ठेवले. रक्तदाब ९४/६०. दोनेक मिनिटांत नाडी ७० च्या पुढे गेली, अ‍ॅट्रोपिन द्यावे लागले नाही. त्या कळेचा आकडा त्यांनी नंतर ८ सांगितला.

इथे दुसरा निर्णय. थांबून ओटीची तारीख द्यायची, की ब्लॉक देऊन पुढे जायचे? त्यांना पाणी पाजून, रक्तदाब पूर्ववत झाल्यावर, मुलीच्या समोर विचारले. त्यांचे उत्तर सरळ होते: "आता परत यायची हिंमत नाही. दुखणार नाही असं औषध द्या आणि करून टाका. पण तो चष्मा नको, मला तुमचं तोंड दिसू दे."

ब्लॉक देताना हेडसेट न घालणे वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होते. लिग्नोकेन रक्तवाहिनीत गेले तर पहिल्या खुणा म्हणजे कानात गुणगुण, जिभेवर धातूची चव, ओठांभोवती बधिरपणा. कानाशी ओढा खळखळत असेल तर कानातली गुणगुण रुग्ण सांगणार कशी?

छोटा स्पेक्युलम घातला. १ टक्का लिग्नोकेन एकूण १० मिली, म्हणजे १०० मिग्रॅ. या वजनाला मर्यादेच्या बरेच आत. घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी, प्रत्येकी ५ मिली, प्रत्येक वेळी आधी सिरिंज ओढून रक्त येत नाही हे पाहून, सावकाश. मग पाच मिनिटे थांबले. ही पाच मिनिटे घड्याळ लावून थांबायची असतात; घाईत दोन मिनिटांत दुर्बीण घातली तर ब्लॉक लागला नाही असे वाटते आणि दोष औषधावर जातो.

दुसऱ्यांदा ऑसमधून जाताना आकडा ४. सिस्टर डोक्याशी बसून श्वास मोजत होती. गर्भाशय ताणले गेल्यावर पोटात ओढ लागली, ती ब्लॉकने गेली नाही, पण बाईंना मॉनिटर दिसेल असा वळवला होता आणि डॉक्टर सांगत होते, "काकू, तो गुलाबी, लोंबता दिसतोय ना, तो काढायचाय." साधारण १२ मिमीचा, देठ असलेला पॉलिप. बारीक कात्रीने देठ कापला, चिमट्याने धरून दुर्बिणीबरोबरच बाहेर आणला. कापताना आकडा ३. शेजारच्या अस्तराचा तुकडाही घेतला.

निष्पत्ती

अर्धा तास विश्रांती, चहा-बिस्कीट, मग स्वतःच्या पायांनी बाहेर. पॅथॉलॉजीचा अहवाल साध्या पॉलिपचा आला, पेशींत अनिष्ट बदल नाही. पुढच्या भेटीपर्यंत पुन्हा लाल गेले नव्हते.

भेटीत हेडसेटबद्दल विचारले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. टेबलावर जाईपर्यंत फार बरे वाटले. पण कळ आली तेव्हा समोर झाडे आणि मागे कुठेतरी माणसे, त्यामुळे ओरडायचे कुणाकडे पाहून तेच कळेना. काही माणसांना दुखणाऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवली की बरे वाटते, काहींना काय चालले आहे हे दिसले की धीर येतो. या बाई दुसऱ्या प्रकारच्या होत्या, आणि हे आधी एका प्रश्नात कळले असते: "दात काढताना डोळे मिटता की आरशात बघता?"

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठा मुद्दा हेडसेटचा नव्हताच. पिपेल अडलेली, चक्कर आलेली, दोन्ही सिझेरियन कळांआधी, पाळी गेलेली: ही चारही चिन्हे अरुंद ऑसकडे बोट दाखवत होती. अशा वेळी ब्लॉक राखीव न ठेवता सुरुवातीलाच द्यायला हवा होता, किंवा निदान सुरुवात ३.५ मिमीपेक्षा बारीक दुर्बिणीने करून वाट कशी आहे ते पाहायला हवे होते. ५ मिमीच्या आवरणाने एका बैठकीत काम संपते हे खरे, पण ती सोय डॉक्टरांची आधी आणि रुग्णाची नंतर. हेडसेट हाताशी असल्यामुळे खोलीतल्या सगळ्यांना थोडा जास्त धीर आला आणि औषधाचा निर्णय एक पायरी मागे ढकलला गेला, असे केस पेपर वाचताना वाटते. नवे उपकरण खोलीत आले की हा धोका असतोच.

थांबण्याची खूण चुकीची निवडली गेली. आभासी दृश्यात माणसे हात उचलतातच. त्यानंतर त्या रुग्णालयात रुग्णाच्या डाव्या हातात दाबल्यावर चूं वाजणारे लहान मुलांचे रबरी खेळणे देतात. वाजले की डॉक्टर थांबतात, का वाजवले हे मग विचारतात. आधी एकदा वाजवून, खरेच थांबून दाखवतात. हे दाखवणे महत्त्वाचे, कारण आपल्याकडच्या बायका "डॉक्टरांना कशाला त्रास" म्हणून गप्प राहतात, आणि हेडसेट घातलेली बाई आणखी गप्प होते.

चेहरा झाकला जातो याची भरपाई माणूस ठेवून करावी लागते. डोक्याशी बसलेल्या सिस्टरकडे त्या वेळी दुसरे काम नको: ट्रॉली नाही, फोन नाही. ओठांचा रंग, हनुवटी, मुठी, श्वास आणि बीप एवढेच पाहायचे. पायाशी असलेल्या सहायकेला पायांची बोटे पाहायला सांगून ठेवायचे. या प्रकरणात ती योगायोगाने पाहत होती. एवढी दोन माणसे नसतील तर दुर्बीण ऑसपाशी नेण्याआधी हेडसेट उतरवणे बरे. मागचा पट्टा एका हाताने सुटतो का, हे दर वेळी करून पाहायचे.

हेडसेट कधी घालायचा आणि कधी काढायचा, हाही प्रश्न उरतो. या बाईंच्या बाबतीत त्याचा उपयोग खुर्चीपासून योनीत दुर्बीण जाईपर्यंत झाला. ज्यांना डोळे मिटून घ्यायला आवडते त्यांना तो शेवटपर्यंत ठेवता येतो. सुई टोचताना, ब्लॉक देताना आणि ऑस ओलांडताना "आता कळ येईल, पाच आकडे मोजा" हे माणसाच्या आवाजात, नाव किंवा नाते घेऊन सांगावे लागते. जंगलात अचानक कळ आली तर माणूस दचकतो. आधी सांगितलेली कळ सोसते.

नोंदीतही एक बदल झाला. पूर्वी प्रक्रियेनंतर एकच आकडा विचारत: "किती दुखलं?" त्यात कळेचा ८ आणि बाकीच्या वेळेचा २ मिसळून ५ होतो आणि हेडसेटने नेमके काय केले ते कळत नाही. आता चिंतेचा आकडा खुर्चीत, हेडसेटआधी आणि दहा मिनिटांनी. दुखण्याचा आकडा मुखाशी, ऑसशी, गर्भाशय ताणताना आणि अर्ध्या तासाने. शेजारी दोन रकाने: ब्लॉक दिला की नाही, आणि हेडसेट कोणत्या टप्प्यावर, कुणाच्या सांगण्यावरून उतरवला.